कंदिलाच्या उजेडात सापडलेले औषध

घरातल्या कुणाचा ताप महिना झाला तरी हटत नाही. टायफॉइड नाही, मलेरिया नाही, छातीचा फोटोही स्वच्छ. माणूस मात्र दिवसेंदिवस वाळत चाललेला आणि पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली काहीतरी टणक हाताला लागते. अशा वेळी डॉक्टर बोन मॅरोची तपासणी सुचवतात आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हाडात सुई घालायची ही कल्पनाच मुळी अंगावर काटा आणणारी. शिवाय हे नाव बहुतेकांनी ब्लड कॅन्सरच्या संदर्भातच ऐकलेले असते.

प्रत्यक्षात ही तपासणी तशी थोडक्यात आटोपते. रुग्णाला कुशीवर झोपवतात, कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेवरची जागा इंजेक्शनने बधिर करतात आणि एक जाड सुई हाडात शिरवून आतला लालसर मगज, म्हणजे अस्थिमज्जा, थेंबभर ओढून घेतात. ओढतानाचा एक क्षण कळ येते. मग तो थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो. बिहार, बंगाल किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला रुग्ण असेल, तर तपासणारा डॉक्टर एक विशिष्ट गोष्ट शोधत असतो. पांढऱ्या पेशींच्या जातीतल्या मोठ्या, भक्षक पेशींच्या पोटात दाटीवाटीने बसलेले इवलेसे लंबगोल कण, आणि प्रत्येक कणात दोन ठिपके, एक मोठा व एक लहान. हे ठिपके दिसले की निदान पक्के झाले. रुग्णाला काला आजार आहे.

आज हे ठिपके सापडले तर डॉक्टर सुटकेचा श्वास टाकतात, कारण आजार गंभीर असला तरी त्यावर औषध आहे. शंभर वर्षांपूर्वी हेच ठिपके म्हणजे जवळजवळ मृत्यूचा दाखला होता. उपचाराविना राहिलेल्या शंभरातले नव्वदांहून अधिक रुग्ण दगावत. हा दाखला फाडून टाकणारा माणूस आपल्याच देशातला होता. सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे त्यांचे नाव. बंगालबाहेर ते आज फारसे कुणाला आठवत नाही.

काळवंडणारा ताप

काला आजार या नावातला आजार हा शब्द आपल्या मराठीतलाच वाटावा इतका ओळखीचा आहे. या तापात रुग्णाची कातडी काळपट पडते, म्हणून हे नाव. बंगालमधल्या जेसोर भागात १८२४-२५ च्या सुमारास याची मोठी साथ आल्याची नोंद आहे. पुढे १८६० नंतर बर्दवान जिल्ह्यात ज्याला बर्दवान ताप म्हणत, त्यातही या आजाराचा वाटा असावा असे मानले जाते. तिथून तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात शिरला आणि आसामात त्याने हाहाकार उडवला. नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली. गावेच्या गावे ओस पडली.

हा मलेरियाचाच एखादा उग्र प्रकार असावा, असे त्या वेळच्या पुष्कळ डॉक्टरांना वाटे. कोडे उलगडले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत तापाने आजारी पडलेला एक सैनिक इंग्लंडला परतून तिथे वारला. विल्यम लेशमन या लष्करी डॉक्टरांनी १९०० साली त्याची प्लीहा, जुन्या बायकांच्या बोलीत पानथरी, तपासली तेव्हा त्यांना ते दोन ठिपक्यांचे कण प्रथम दिसले. त्यांनी हे १९०३ साली जाहीर केले. त्याच वर्षी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात चार्ल्स डोनोव्हन यांना असेच कण दिसले आणि त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. एका जिवंत मुलाच्या प्लीहेत सुई घालून त्यांनी तेच परजीवी बाहेर काढून दाखवले. मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून या परजीवीचे लेशमानिया डोनोव्हनी असे बारसे केले. आजही डॉक्टर मंडळी या कणांना एल. डी. बॉडीज म्हणतात.

रोगाचे नाव कळले, चेहरा दिसला. उपाय मात्र कुणाकडेच नव्हता. प्लीहेत सुई घालणे तर जिवावरचे काम. फुगलेली प्लीहा म्हणजे रक्ताने भरलेली पिशवीच. सुईने ती आतल्या आत फाटली तर रक्तस्राव थांबवणे अशक्य. एवढा धोका पत्करून निदान करायचे आणि मग रुग्णाच्या आईबापांना सांगायचे ते काय? याच प्रश्नापाशी उपेंद्रनाथांची कहाणी सुरू होते.

रेल्वे डॉक्टरांचा मुलगा

उपेंद्रनाथांचे घराणे बर्दवान जिल्ह्यातले. वडील नीलमणी ब्रह्मचारी हे ईस्ट इंडियन रेल्वेत डॉक्टर होते आणि त्यांची नोकरी बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे वसाहतीत होती. आईचे नाव सौरभसुंदरी देवी. १८७३ साली जन्मलेल्या उपेंद्रनाथांचे शालेय शिक्षण जमालपुरातच झाले. तिथून ते हुगळीच्या कॉलेजात गेले आणि १८९३ साली गणित व रसायनशास्त्र घेऊन बी. ए. झाले. गणितात गती असूनही पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी एम. ए. केले ते रसायनात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय तेव्हा तिथे शिकवत होते. रसायनाची ही गोडी त्यांना आयुष्यभर पुरली.

त्याचबरोबर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९०० साली एम. बी.च्या परीक्षेत ते वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिले आले. १९०२ साली ते एम. डी. झाले आणि १९०४ साली रक्तपेशी फुटण्याच्या क्रियेवर प्रबंध लिहून पीएच. डी.ही झाले. डॉक्टरकी, रसायन आणि संशोधन या तिन्ही अंगांनी तयार झालेला असा माणूस त्या काळच्या हिंदुस्थानात विरळाच. आडनाव ब्रह्मचारी असले तरी गृहस्थ संसारी होते. १८९८ साली त्यांचा ननीबाला देवींशी विवाह झाला होता.

सरकारी वैद्यकीय सेवेत शिरल्यावर त्यांची नेमणूक ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत झाली. तिथे काही वर्षे शिकवून १९०५ साली ते कलकत्त्याला सियालदाजवळच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये आले. ही संस्था आज नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणून ओळखली जाते. तिथे त्यांनी पुढची सुमारे अठरा वर्षे काढली. गोऱ्या डॉक्टरांसाठी राखीव असलेल्या मोठ्या जागा आणि सुसज्ज प्रयोगशाळा कॅम्पबेलच्या वाट्याला आलेल्या नव्हत्या. तिथे गर्दी होती ती गरीब रुग्णांची. त्यांत काला आजाराचे रुग्ण पुष्कळ. मोठे पोट, काटकुळे हातपाय आणि निस्तेज डोळे घेऊन ते येत. त्यांतले बहुतेक काही महिन्यांत जात.

अँटिमनीची वाट

१९१५ च्या सुमारास आशेचा पहिला किरण दिसला. सिसिली बेटावरच्या दोन डॉक्टरांनी आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी टार्टर एमेटिक हे अँटिमनी धातूचे क्षार शिरेतून टोचून काला आजाराचे काही रुग्ण बरे केले. अँटिमनी म्हणजे सुरम्याच्या जातीतला धातू. उपाय सापडला खरा, पण तो रोगाइतकाच जाच करणारा होता. इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत. उलट्या होत, खोकल्याची ढास लागे, अशक्त रुग्णांना न्यूमोनिया गाठे. कित्येक जण उपचार अर्ध्यावर टाकून गावी परतत आणि तिथे मरत.

रसायनशास्त्रज्ञ ब्रह्मचारींना यात एक कोडे दिसले. अँटिमनी परजीवीला मारते हे सिद्ध झाले होते. रुग्णाला न मारता ते देता येईल असे रूप शोधायचे राहिले होते. त्यांनी सोडियमचा क्षार करून पाहिला, धातूचे अतिसूक्ष्म कण करून टोचून पाहिले. १९१९ च्या अखेरीस त्यांना संशोधनासाठी सरकारी निधीतून थोडी मदत मिळाली आणि ते अधिक जोमाने कामाला लागले. त्या काळी निद्रारोगावर वापरल्या जाणाऱ्या ॲटॉक्सिल या आर्सेनिकच्या औषधाची घडण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यातल्या आर्सेनिकच्या जागी अँटिमनी बसवता आले तर?

हे सारे ज्या जागी चालले होते, ती जागा प्रयोगशाळा म्हणवण्याच्या लायकीची नव्हती. रुग्णालयातली एक छोटी खोली, तिथे ना गॅसची सोय, ना पाण्याचा नळ, ना वीज. दिवसभर रुग्ण तपासायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि रात्री रॉकेलच्या कंदिलापाशी बसून चंबू आणि परीक्षानळ्यांत रसायने शिजवायची. अशाच एका रात्री दहाच्या सुमारास, धुरकट उजेडात, आपला प्रयोग मनासारखा जमल्याचे त्यांना दिसले. त्या क्षणी आपल्या हाती काय लागले आहे आणि ते किती लाख लोकांच्या उपयोगी पडणार आहे याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे नमूद करून ठेवले. ती खोली त्यांना अखेरपर्यंत तीर्थक्षेत्रासारखी वाटत राहिली. १९२० च्या सुमाराचा हा प्रसंग.

युरियाची जोड दिलेल्या त्या अँटिमनीच्या संयुगाचे नाव युरिया स्टिबामाइन. १९२२ साली भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात त्यांनी फक्त आठ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिने घेणारा उपचार आता दोन-तीन आठवड्यांवर आला होता, आणि रुग्ण बरे होत होते.

बरा झाला, हे कशावरून?

इथे सुई पुन्हा कथेत येते. ताप उतरला, भूक लागली, वजन वाढले म्हणजे रुग्ण बरा झाला असे घरचे धरून चालतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. डॉक्टरला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. परजीवी खरोखर गेला का? त्याचे उत्तर प्लीहेत किंवा मज्जेतच मिळणार. उपचारापूर्वी काचपट्टीवर दिसणारे ठिपके उपचारानंतर दिसेनासे झाले, तरच औषधाचा दावा खरा.

प्लीहेतल्या सुईचा धोका टाळण्यासाठी साध्या रक्ताच्या चाचण्याही शोधल्या जात होत्या. रुग्णाच्या रक्तद्रवात शुद्ध पाणी मिसळले की तो गढूळ होतो, यावर आधारलेली एक चाचणी ब्रह्मचारींनीच सुचवली होती. कलकत्त्याच्या नेपियर यांची फॉर्मालिनची चाचणी तर फारच सोपी. रक्तद्रवात औषधाचा थेंब टाकला की तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा थिजे. पुढे रामनाथ चोप्रांनी चक्क युरिया स्टिबामाइनच चाचणीसाठी वापरले. रक्तद्रवात ते टाकले की साका धरे. रोग मारणारे औषध रोग ओळखायलाही उपयोगी पडले! पण या चाचण्या आजार दोन-तीन महिने मुरल्यावरच बोलत आणि कधी कधी फसवत. शेवटचा शब्द परजीवी डोळ्यांनी पाहण्याचाच राही.

डोळ्यांनी पाहण्याच्या या हट्टातून ब्रह्मचारींना आणखी एक गोष्ट सापडली. अँटिमनीने बरे झालेले काही रुग्ण काही काळानंतर अंगावर फिकट चट्टे आणि गाठी घेऊन परत येत. ताप नाही, प्लीहा वाढलेली नाही. दिसायला प्रकार कुष्ठरोगासारखा. ब्रह्मचारींनी त्या गाठींतला अंश काचपट्टीवर घेतला, तर तेच ठिपके! शरीराच्या आतून हाकललेला परजीवी कातडीत दडून बसला होता. १९२२ सालीच त्यांनी हे प्रसिद्ध केले. ज्या उपचारासाठी आयुष्य वेचले, त्या उपचाराच्या यशाला लागलेले हे गालबोट त्यांनी स्वतःच जगापुढे मांडले. या शोधाचे महत्त्व फार मोठे, कारण असा धडधाकट दिसणारा माणूस नकळत गावात आजार टिकवून ठेवतो.

आसाम वाचले

त्याच कलकत्त्यात, त्याच वर्षांत, एक घर या आजाराने होरपळत होते. बंगाली बालसाहित्याचे लाडके लेखक सुकुमार राय अडीच वर्षे काला आजाराने अंथरुणाला खिळले होते. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले. वय अवघे पस्तीस. मागे राहिलेला त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. तोच पुढचा जगविख्यात चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय. शहरातल्याच एका रुग्णालयात नवे औषध आकाराला येत होते, पण ते अजून बाल्यावस्थेत होते. शोध लागणे आणि तो घरोघर पोहोचणे यांत जे अंतर असते, त्यात किती माणसे हरवतात याचा हा चटका लावणारा दाखला.

ते अंतर आसामात वेगाने कापले गेले. तिथल्या सरकारने युरिया स्टिबामाइन गावोगावच्या दवाखान्यांतून मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली. दहा वर्षांत या औषधाने सुमारे ३ लाख जीव वाचवले, असा त्या प्रांताच्या आरोग्य खात्याचा अंदाज होता. ज्या खोऱ्यात गावे उजाड झाली होती, तिथे पुन्हा चुली पेटल्या.

सन्मानही चालून आले. १९२४ साली कैसर-ए-हिंद सुवर्णपदक, १९३४ साली सर हा किताब. १९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. त्या वर्षीचे पारितोषिक जीवनसत्त्वांच्या संशोधकांना मिळाले. १९४२ साली पुन्हा त्यांचे नाव पुढे आले, पण महायुद्धामुळे त्या वर्षी पारितोषिके दिलीच गेली नाहीत. या हुकलेल्या नोबेलची हळहळ बंगालमध्ये अजून व्यक्त होते. त्यांच्या औषधाची नेमकी रासायनिक घडण काय, यावर तज्ज्ञांत वाद झडत राहिले हेही खरे. मात्र औषधाने बऱ्या झालेल्यांना त्या वादाशी काही देणेघेणे नव्हते.

१९२४ साली त्यांनी राहत्या घरी स्वतःची संशोधन संस्था काढली. १९२८ साली काला आजारावरचा त्यांचा ग्रंथ आला. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकवत राहिले. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे ते अध्यक्ष झाले. १९३६ साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन होळकरांच्या इंदुरात भरले, त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. कलकत्त्यात रक्तदानाची आणि रक्तपेढीची व्यवस्था उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. कलकत्त्यातल्या लाउडन स्ट्रीटला पुढे त्यांचे नाव दिले गेले.

ठिपक्यांचा पाठलाग

त्यांच्या हयातीतच निदानाच्या वाटेवर आणखी एक सुधारणा झाली होती. १९२७ साली अरिंकिन या रशियन डॉक्टरांनी छातीच्या मधल्या हाडातून सुईने मज्जा काढण्याची सुटसुटीत पद्धत दाखवून दिली. पुढे त्यासाठी कमरेचे हाड अधिक सुरक्षित ठरले. प्लीहेत परजीवी हमखास सापडतो. तिथे शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांत निदान होते, तर मज्जेत कधी निम्म्यांत, कधी ऐंशीच्या वर. म्हणजे मज्जेतला शोध थोडा कमी पक्का, पण रक्तस्रावाची धास्ती जवळजवळ नाही. ज्याच्या रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी फार घटल्या आहेत, त्याच्यासाठी कमरेची सुई हाच शहाणपणाचा मार्ग.

आजार फैलावतो तो वाळूमाशीमार्फत, हे १९४२ साली आसामातल्या प्रयोगांनी निर्विवाद सिद्ध झाले. हिच्याच जातीच्या माश्या विदर्भाला चंदीपुरा तापामुळे ठाऊक आहेत. स्वातंत्र्यानंतर मलेरियासाठी झालेल्या डीडीटीच्या फवारणीत वाळूमाशीही मेली आणि काला आजार ओसरला. फवारणी थांबली तसा तो १९७७ च्या सुमारास बिहारात उसळून परत आला. त्यानंतरच्या काळात उत्तर बिहारमधले रुग्ण अँटिमनीच्या औषधांना दाद देईनासे झाले. ब्रह्मचारींच्या औषधाची पुढची पिढीही तिथे निकामी ठरली. त्यांची जागा आज ॲम्फोटेरिसिनच्या एकाच सलाइनने घेतली आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर चालणारी पट्टीची चाचणी खेडोपाडी पोहोचली आहे. दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य भारतातल्या सर्व बाधित तालुक्यांनी २०२३ अखेर गाठले.

मग हाडातली सुई कालबाह्य झाली का? नाही. पट्टीची चाचणी आजार बरा झाल्यावरही कित्येक वर्षे होकारच देत राहते. त्यामुळे आजार उलटला आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. एड्सच्या रुग्णांत ती फसू शकते. अशा वेळी डॉक्टरला पुन्हा काचपट्टीकडेच वळावे लागते.

युरिया स्टिबामाइन आता कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि तसे असणे हीच त्याच्या कामाची पावती. एका औषधाने दाखवलेल्या वाटेवर पुढची चांगली औषधे आली. पण एखाद्या आईला आपल्या लेकराच्या हाडात सुई घालू द्यायची असते, तेव्हा तिला धीर कशाचा द्यायचा? त्या सुईने जे काही सापडेल त्यावर इलाज आहे, याचाच. हा धीर डॉक्टरांच्या हाती प्रथम दिला तो सियालदाच्या एका अंधाऱ्या खोलीत, कंदिलाची वात पुढे सारत बसलेल्या त्या माणसाने.